लग्नाच्या डब्यात प्रायमर

इकडे ये, अशी जवळ बस, निदान कागदावर तरी. लांबून ओरडून बोलायचं माझं वय राहिलं नाही, आणि तुझं ऐकायचं वय अजून सुरू झालेलं दिसत नाही. अगं, मंडळाच्या दिवाळी अंकाची तू संपादक, आणि मला फोन करून काय मागतेस, तर चिरोट्यांची कृती! माझे चिरोटे खाल्लेल्या माणसाने पुन्हा मागितल्याचं मला आठवत नाही. इथे मिशिगनमध्ये अकरा वर्षं मी एका दुकानाच्या काउंटरमागे उभी राहून बंदुकीच्या काडतुसांचं सामान विकलं. मंडळात सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि एकानेही कधी विचारलेलं नाही. तुम्हाला विचारायची लाज वाटते की ऐकायची भीती, ते तुमचं तुम्ही बघा. मी आता लिहूनच पाठवते. लांब झालं तर जाहिराती काप, मला कापू नकोस.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या नोव्हाय गावात तेव्हा आजच्यासारखं कोपऱ्या-कोपऱ्यावर डोसे मिळत नव्हते. मक्याची शेतं होती, मधेच एखादी नवी कॉलनी, आणि एक जुनं दुकान. अर्धं हार्डवेअरचं, अर्धं शिकारीचं. आमचे हे मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. मी मॅट्रिक, घरात बसून कंटाळलेली. दुकानाचा मालक वॉल्ट म्हणून साठीचा माणूस होता. त्याने मला खिळे आणि रंग विकायला ठेवलं. "मालती" त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी मॉली झाले. हरकत घ्यायचं मनात होतं, पण तोपर्यंत त्याने बिल्ला छापून आणला होता.

मागच्या भिंतीला बंदुका, आणि त्यांच्याखाली घरी काडतुसं भरायचं सामान. हो, घरी. आपण बायका जशी घरी लोणची घालतो, तसे इथले पुरुष तळघरात बसून काडतुसं भरतात. बार उडाला की रिकामं नळकांडं टाकून द्यायचं नाही. घरी आणायचं, त्यात नवा प्रायमर, दारू, प्लॅस्टिकचं बूच आणि छर्रे भरायचे आणि तोंड मिटायचं. हे सगळं हरणं मारायला असेल असं मला वाटलं होतं. पण बहुतेकांना फोडायच्या असत खापराच्या बशा. एक यंत्र बशी हवेत फेकतं आणि पन्नाशीतले पाच पुरुष ओळीने उभे राहून ती फोडतात. बशीला ते कबुतर म्हणतात. मी जन्माची शाकाहारी. मला हे कबुतर चालण्यासारखं वाटलं.

आता प्रायमर. काडतुसाच्या बुडाशी बसणारी मक्याच्या दाण्याएवढी धातूची टोपी. लहानपणी दिवाळीत आपण टिकल्या दगडाने ठेचायचो ना, त्याच जातीचं, फक्त शहाणा माणूस दगड घेऊन जवळ जात नाही. चाप ओढला की बंदुकीतली सुई त्या टोपीवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते, छर्रे सुटतात.

फसगत अशी की सगळ्या कंपन्यांचे प्रायमर एकाच मापाचे. कुठलाही कुठेही बसतो. पण एकाचा स्वभाव तापट, दुसऱ्याचा मवाळ. नको तिथे तापट बसवला तर नळीत दाब वाढतो. आणि थंडीच्या दिवशी, लवकर न पेटणाऱ्या हट्टी दारूला मवाळ बसवला, तर दारू अर्धीमुर्धी जळते, फुस्स होतं, आणि ते बूच नळीतच अडकून बसतं. त्यावर पुढचा बार काढला की नळी फाटते. नळीला धरलेला असतो माणसाचा हात, आणि हाताच्या मागे वीतभर अंतरावर डोळा.

म्हणून एक पुस्तक असतं. पानंच्या पानं कोष्टकं. हे नळकांडं असेल तर ही दारू, इतकीच, हे बूच आणि हाच प्रायमर. यातलं काहीही आपल्या मनाने बदलायचं नाही. वॉल्टला ती बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा. मला मात्र ते पुस्तक पहिल्या दिवशी ओळखीचं वाटलं. वडिलांच्या मांडीवर बसून पंचांग वाचायला शिकलेली मुलगी मी. ही तिथी, हे नक्षत्र, आणि खाली काय वर्ज्य. सहा महिन्यांत पुस्तक पाठ झालं. गिऱ्हाइकं वॉल्टला ओलांडून माझ्याकडे यायला लागली आणि माझ्या डोक्यात थोडी हवा गेली.

आमचे हे हसायचे. "घरी कुकरला पाणी बोटाच्या पेराने मोजतेस आणि तिथे अमेरिकनांना कोष्टकं शिकवतेस!"

"बोटाचं पेर माझं आहे," मी म्हणायची, "डोळा त्यांचा आहे."

वाक्य चांगलं होतं. मला ते फार आवडायचं. पुढे कळेलच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक दाताचे डॉक्टर यायचे, ते प्रायमर रंगावर निवडायचे. "माझ्या बंदुकीला पितळी शोभतो." मी म्हटलं, "डॉक्टर, तो आत बसतो. दिसतो कुणाला?" तर म्हणाले, "मला माहीत असतं ना." एक धिप्पाड गृहस्थ काउंटरवर मूठ आपटून म्हणाले, "बाई, प्रायमर तो प्रायमर. माप एक, मग फरक कसला?" मी माझा चष्मा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "तुमचा आणि माझा एकाच मापाचा आहे. घाला माझा, आणि जा गाडी चालवत." त्यांनी चष्मा घालून बघितला, काउंटरला धडकले आणि मुकाट्याने पुस्तकातला प्रायमर घेऊन गेले.

आपल्या मंडळाचे तेव्हाचे खजिनदारही एकदा आले होते, बर्फावर टाकायचं मीठ न्यायला. बंदुकांच्या भिंतीखाली कुंकू लावून उभी असलेली मी दिसल्यावर त्यांनी नमस्कार केला तो मिठाच्या पोत्याला. पुढच्या हळदीकुंकवाला बायका मला वाण देताना जरा लांबूनच हात पुढे करत होत्या.

असो. आता खरं सांगायचं ते सांगते. आजवर ह्यांनाच तेवढं सांगितलं आहे, आणि तेही अर्धं.

पहिल्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर वॉल्ट तीन दिवस बहिणीकडे गेला. दुकान माझ्यावर सोपवून. माझं घर झाडून-पुसून झालेलं, आणि दिवाळीच्या आठवड्यात आपले हात कसे शिवशिवतात तुला माहीत आहे. मी दुकान काढलं झाडायला. प्रायमरच्या फळीपाशी आले आणि जीव वर-खाली झाला. कोपरे फाटलेली खोकी, कुठे अर्धं उघडलेलं पाकीट, धूळ. आणि आत बघते तर प्रत्येक प्रायमरला ट्रेमध्ये स्वतंत्र खोली! मक्याच्या दाण्याएवढी वस्तू, आणि तिला स्वतंत्र खोली. मला ती जागेची उधळपट्टी वाटली. मुंबईत आम्ही सातजण दोन खोल्यांत वाढलो होतो.

आपल्याकडे वाण्याकडून आलेली वस्तू पुडीत राहते का? पुडी सोडायची, डब्यात ओतायची, डबा फळीवर. तेच केलं. माझ्या लग्नात मामा-मामींनी दिलेले स्टीलचे तीन डबे घरून आणले. घट्ट झाकणाचे, एकसारखे, प्रत्येकावर कोरलेलं, "चि. सौ. कां. मालती हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट." तीन कंपन्यांचे प्रायमर तीन डब्यांत ओतले. ओतले, बरं का. साबुदाण्यासारखा आवाज झाला. तेव्हा मला छान वाटलं होतं. फळी अशी चकाचक दिसत होती, की जाता-येता बघत होते.

डब्यांवर चिठ्ठी लावली नाही. स्वयंपाकघरात आपण लावतो का? डावीकडे साखर, मधे रवा, उजवीकडे पोहे. हाताला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी फळी ओल्या फडक्याने पुसायला डबे खाली काढले, तेवढ्यात फोन आला, बोलले, डबे परत लावले. जसे होते तसेच लावले असतील, असं मला वाटलं.

त्याच दुपारी ओटो आले. सत्तरीचे गृहस्थ, कारखान्यात आयुष्यभर साचे घडवलेले कारागीर. इंचाचा हजारावा भाग ज्यांच्या बोटाला कळतो, असा माणूस. बायको गेल्यापासून बोलणं कमी झालेलं. शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन पंचवीस बशा फोडायच्या, एवढाच काय तो विरंगुळा. त्यांची दारू थंडीत हट्टी होणारी, त्यामुळे त्यांना तापट प्रायमरच लागे. ते मी पुस्तकातून त्यांना दाखवलेलंही होतं. मी मधला डबा काढला, शंभर मोजले, वर्तमानपत्राचा कागद घेतला, छान चौकोनी पुडी बांधली आणि वरून दोरा गुंडाळला.

ओटो पुडीकडे बराच वेळ बघत राहिले.

"मॉली, हे तेच ना?"

"तेच."

त्यांनी मागे वळून बघितलं. आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मग पुडी खिशात घातली, टोपीला हात लावला आणि गेले.

शनिवारी सकाळी वॉल्ट आला. मी मोठ्या हौसेने म्हटलं, "फळी बघितलीस का?" आणि डबा उघडून दाखवला. संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम, म्हणून मी नारायणपेठी नेसले होते. कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

वॉल्टचा चेहरा पांढरा पडला. आवाज मात्र अगदी हळू. "मॉली, झाकण परत लावू नकोस. हात मागे घे. आणि सावकाश माझ्याकडे चालत ये."

बाहेर अंगणात आल्यावर त्याने सांगितलं. त्या खोल्या उधळपट्टीच्या नव्हत्या. एक फुटला तर शेजारच्याने फुटू नये म्हणून त्या होत्या. सुटे एकत्र ओतले की ते एकमेकांवर घासतात, आणि एक पेटला तर हजाराचे हजार एकदम जातात.

"पण मी तर नीटच ठेवले होते," मी म्हटलं.

"हो," वॉल्ट म्हणाला. "इतके नीट की मला माझं दुकान ओळखू आलं नाही." आणि शेजारच्या दुकानातून फायर डिपार्टमेंटला फोन करायला निघाला. दोन पावलं जाऊन वळला. "यातले कुणाला विकलेस?"

"फक्त ओटोंना. मधल्या डब्यातले."

"मधल्या डब्यात कुठले होते?"

पुसायच्या आधी मधे कुठला होता ते मला ठाऊक होतं. पुसल्यानंतर मधे कुठला आला, ते नव्हतं. गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. दहा वाजले तरी वितळलं नव्हतं. पुस्तकातलं ते कोष्टक माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, अगदी तळटिपेसकट. काय उपयोग त्या पाठांतराचा?

ओटोंच्या घरी फोन वाजत राहिला. शनिवार. म्हणजे क्लब. क्लबाचा फोन कुणी उचलेना. वॉल्टला दुकानाच्या दारातून हलता येईना, कुणी गिऱ्हाईक आत शिरलं असतं. मी म्हटलं, "मी जाते." लायसन्स मिळून चार महिने झाले होते आणि मी अजून फक्त किराणा आणि मुलीची शाळा एवढंच ड्राइव्ह करत होते. बारा मैल. ह्यांची ती पलंगाएवढी गाडी. खडीचा रस्ता लागल्यावर मागचं चाक घसरलं, तेव्हा मी सगळ्या देवांची नावं घेतली, आणि मग लक्षात आलं की देवांपेक्षा ब्रेकची चौकशी आधी करायला हवी होती.

क्लबाच्या आवारात उतरले तर शेडपलीकडून बार ऐकू येत होते. धाड. थोडं थांबून धाड. प्रत्येक बाराला मी कान देत होते, फुस्स तर नाही ना? पळायला लागले. चपला खडीत रुतत होत्या, निऱ्या एका हातात धरलेल्या. पाच पुरुष ओळीने पाठमोरे उभे.

"थांबा! बंद करा!"

मराठीत ओरडले. पाचही जण थांबले. त्यांना काय कळलं देव जाणे, पण बंदुका खाली झाल्या, उघडल्या गेल्या, आणि पाच चेहरे माझ्याकडे वळले. त्या क्लबात बाई येणं नवल नव्हतं. नारायणपेठी येणं नवल होतं.

पाचांत ओटो नव्हते.

ते मागच्या बाकावर बसलेले होते. उघडी बंदूक मांडीवर, हातात नळी साफ करायची काठी. शेजारी माझा वर्तमानपत्राचा कागद, नीट चार घड्या घातलेला, आणि त्याच्यावर एक काळवंडलेलं बूच.

"पहिला बार जरा लंगडा वाटला," ते म्हणाले. "म्हटलं थंडी असेल. दुसरा फुस्स झाला. तिसरा काढलाच नाही. आत बघितलं तर हे."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "ओटो, ते प्रायमर चुकीचे होते. चूक माझी आहे."

"कळलं मला."

"आत्ता आवाजावरून?"

त्यांनी काठीवरचं फडकं नीट केलं. "खरं सांगू? काल. पुडी बघितली तेव्हाच. चाळीस वर्षं मी प्रायमर विकत घेतोय मॉली, वर्तमानपत्रात बांधून आजवर कुणी दिले नव्हते."

"मग बोलला का नाहीत? घेतलेत कशाला?" मी चक्क रागावले. जीव वाचलेल्या माणसावर!

"मागे दोघं उभे होते. तू इतकी ठाम म्हणालीस. त्यांच्यासमोर तुला मान खाली घालायला लागली असती."

बघ म्हणजे. मला इतकी वर्षं वाटत होतं की भीड ही आपल्याच लोकांची मिरास. पाहुण्याने भिडेखातर चौथी पुरणपोळी खायची, सासूच्या भिडेखातर सुनेने ताप लपवायचा. हे अमेरिकन लोक म्हणजे तोंडावर बोलणारे, फटकळ. आणि इथे मिशिगनमधला एक म्हातारा कारागीर माझ्या भिडेखातर स्वतःचा डोळा नळीमागे ठेवून उभा राहिला होता. आणि मी? "तेच" म्हणायला मला कुणाची भीड नव्हती. मला फक्त डबा परत उघडून बघण्याचा कमीपणा वाटत होता, कारण लोक बघत होते, आणि मी पुस्तक पाठ असलेली बाई होते.

दुकानात परतले तेव्हा फायर डिपार्टमेंटचे दोघेजण डबे न्यायला आलेले. जाड हातमोजे घालून, एकेक डबा असा उचलत होते जसं काही बाळंतिणीचं तान्हं मूल. त्यातल्या एकाने कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ही धोक्याची सूचना आहे का?"

मी म्हटलं, "नाही. माझ्या मामा-मामींचे आशीर्वाद आहेत."

त्याने मान डोलावली आणि आशीर्वाद ट्रकमध्ये ठेवले. ते डबे मला परत मिळाले नाहीत. मामींना मी शेवटपर्यंत सांगितलं की फराळ ठेवते त्यांत.

वॉल्टने मला काढून टाकलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. तो म्हणाला, "सोमवारी ये. पण यापुढे पाठ असलेलं काही बोलायचं नाही. पुस्तक उघडायचं, मग बोलायचं." एवढंच. त्यालाही त्या रात्री झोप लागली नसणार, कारण तीन दिवस दुकान माझ्या भरवशावर टाकून जाताना त्यानेही मला एकदासुद्धा त्या खोल्यांचं कारण सांगितलेलं नव्हतं. ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. भीडच म्हण.

पुढची दहा वर्षं माझ्याकडून प्रायमर घेतलेल्या कुणाचं बोट गेलं नाही की डोळा. वॉल्ट लोकांना हे माझं मोठं कौतुक म्हणून सांगायचा. मी गप्प बसून ऐकायचे. एका माणसाच्या तिसरा बार न काढण्यावर माझं सगळं कौतुक उभं आहे, हे मला आणि त्या माणसाला ठाऊक होतं.

आणि तो माणूस दर महिन्याला यायचा. पुडीबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत ओटो. फक्त मी प्रायमरचं पाकीट काउंटरवर ठेवलं की म्हणायचे, "पुस्तक." मी पुस्तक उघडायची. ते ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे, नळकांडं, दारू, बूच, प्रायमर, आणि पाकिटावरचं नाव ताडून बघायचे. मागे रांग असली तर मुद्दाम जास्तच मोठ्याने. पुढे मोतीबिंदूने त्यांना वाचता येईना, बशा फोडणंही जवळजवळ बंद झालं, तरी यायचे. बोट मी धरून ओळीवर ठेवायची, वाचायची मी. माझं वाचून झालं की मागे वळून जो कुणी अनोळखी माणूस उभा असेल त्याला म्हणायचे, "मिस्टर, जरा वाचा हो हे. ती बरोबर वाचते आहे का बघा." माझ्या तोंडावर. सगळ्या दुकानादेखत. मला मान खाली घालायला लागू नये म्हणून जो माणूस जिवावर उदार झाला होता, त्याला हे वाक्य दर महिन्याला उच्चारताना किती जड जात असेल, ते त्यांचे कान लाल व्हायचे त्यावरून कळायचं. मी खुशाल उभी राहायची. त्यांच्या मागच्या माणसाचं वाचून होईपर्यंत पाकिटाला हात लावायची नाही.

तर ही माझी कृती. छाप किंवा नको छापू. मात्र नको असेल तर तसं सांग, "मावशी, जागा नव्हती" असलं गुळमुळीत नको.

आणि ये आता एकदा. तू नोकरीसाठी ॲशबर्नला गेलीस, अंक तिथूनच काढतेस, मी इथे, पण विमानाने दीड तासही नाही. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून फोनवर दरवेळी "हो मावशी, नक्की येते" म्हणतेस. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतेस, कळतं मला. जमत नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही. पण जमत असेल, तर ऑफिसचं कॅलेंडर उघड, एका शनिवारावर बोट ठेव, आणि मग फोन कर. मी वाट बघते. लवकर ये.